परळपासून पर्ल रिव्हरपर्यंत

१९२८ साली मुंबईतल्या कापड गिरण्या सहा महिने बंद होत्या. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरात मिटला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ल्यूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या एक इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला आल्या. गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात थाटलेली ही संस्था प्लेगच्या लशीसाठी प्रसिद्ध होती. विल्सबाईंचं काम मात्र वेगळं होतं. भारतात बाळंतपणात बाया इतक्या का मरतात, याचा शोध मार्गारेट बाल्फोर या डॉक्टर घेत होत्या. त्यांना रक्ताचं शास्त्र जाणणारं कुणीतरी सोबतीला हवं होतं.

गिरणगावातल्या गरीब वस्त्यांत गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होई. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत, पण ज्या उरत त्या नेहमीपेक्षा मोठ्या असत. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या सुमारास दगावे. ही गोष्ट इथे सविस्तर सांगायचं कारण असं, की आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाला आज जगभर जी गोळी सर्वांत आधी दिली जाते, त्या मेथोट्रेक्झेटचं मूळ या रक्तक्षयात आहे. त्या गोळीचा रेणू रसायनशाळेत विचारपूर्वक घडवला गेला. तो आमवातापर्यंत पोचला मात्र भलत्याच वाटेने, आणि पोचायला त्याला जो वेळ लागला त्याचा दोष रसायनशास्त्राकडे जात नाही.

विल्सबाईंनी प्रयोगशाळेत बसून राहण्याऐवजी आधी बायकांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ज्या घरांत भाजीपाला, फळं आणि दूध-मांस जवळजवळ नसे, तिथे हा रक्तक्षय जास्त होता. गरीब मुसलमान बायकांत त्याचं प्रमाण विशेष होतं, खात्यापित्या घरांत तो क्वचितच दिसे. म्हणजे हा संसर्ग नव्हता, अन्नातलं काहीतरी कमी पडत होतं. ते ‘काहीतरी’ कोणतं, हे शोधण्यासाठी त्यांनी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत उंदरांना त्याच प्रकारचं अन्न घातलं. उंदरांना रक्तक्षय झाला खरा, पण त्यात उवांमधून येणाऱ्या एका जंतूचा हात निघाला आणि निष्कर्षावर पाणी पडलं. मग त्यांनी माकडं घेतली. माकडांच्या बाबतीत मात्र प्रयोग जमला.

त्या काळी घातक रक्तक्षयावर नवा उपाय होता प्राण्याचं काळीज, म्हणजे यकृत, खायला घालण्याचा. १९२६ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी तो शोधला होता. पण यकृताचा अर्क महाग होता, गिरणीकामगाराच्या बायकोला तो रोज कोण देणार? विल्सबाईंनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात मार्माइट नावाचा काळा, खारट लेप बनवत आणि लोक तो पावाला लावून खात. बाजारात मिळणारा हा स्वस्त पदार्थ घेतल्यावर बायका काही दिवसांत सुधारू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे त्यांच्या असंही लक्षात आलं, की शुद्ध केलेला यकृताचा अर्क या बायकांना उपयोगी पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो. म्हणजे घातक रक्तक्षय आणि हा रक्तक्षय वेगळे होते, आणि यीस्टमध्ये असलेला पदार्थ तोवर कुणालाच ठाऊक नव्हता. बरीच वर्षं वैद्यकशास्त्रात तो ‘विल्स फॅक्टर’ म्हणूनच ओळखला जाई.

१९४१ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चार टन पालक उकळून, गाळून तशाच एका जीवनसत्त्वाचा अंश वेगळा काढला आणि त्याला फॉलिक ॲसिड असं नाव दिलं. विल्स फॅक्टर म्हणजे हेच. आता ते कृत्रिमरीत्या बनवायचं होतं. ही शर्यत जिंकली न्यू यॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर या गावातल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेने. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांचा जन्म १८९५ चा, आंध्रातल्या भीमवरमचा. मद्रास मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा झगा घालून आल्याने इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी हलकी पदवी पदरात पडली. संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. पुढे स्वतः सुब्बारावांनाही तोच आजार झाला आणि आयुर्वेदिक उपचारांनी ते उठले. ही कौटुंबिक हकिकत मी उगाच घातलेली नाही. संग्रहणीत आतड्यांतून पोषण शोषलं जात नाही, आणि त्यात होणारा रक्तक्षय हा विल्सबाईंनी मुंबईत पाहिलेल्या रक्तक्षयाचाच भाऊबंद असतो. पुढे फॉलिक ॲसिड हाती आल्यावर ज्या रोगांवर त्याची पहिल्यांदा चाचणी झाली, त्यांत संग्रहणी होतीच.

१९२३ साली सुब्बाराव बॉस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये शिकत असताना पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीला रुग्णांची भांडी उचलली. सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजायची जी पद्धत शोधली, ती पुढे अनेक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात राहिली. स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या शोधातही त्यांचा वाटा होता. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते लेडर्लीत गेले. हत्तीरोगावर आपल्याकडे वाटल्या जाणाऱ्या डीईसीच्या गोळ्या आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्याच प्रयोगशाळेतून आलं.

१९४५ साली लेडर्लीच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवल्याचं जाहीर केलं. त्याच चमूने लगेच दुसरा, उलटा विचार सुरू केला, आणि औषध ‘घडवण्या’च्या इतिहासातली ही एक कळीची जागा आहे.

उलट्या विचाराची बीजं सल्फा औषधांत होती. १९३५ पासून सल्फाच्या गोळ्या जंतुसंसर्गावर चमत्कारासारख्या चालत होत्या, पण का चालतात हे ठाऊक नव्हतं. १९४० साली लंडनमध्ये डोनाल्ड वुड्स यांनी दाखवलं, की सल्फाचा रेणू जंतूला लागणाऱ्या एका छोट्या पदार्थासारखा दिसतो. जंतू फसतो, खरा सोडून तोतया उचलतो आणि त्याची वाढ थांबते. हा छोटा पदार्थ फॉलिक ॲसिडचाच एक तुकडा आहे, हे रचना उलगडल्यावर कळलं. मग रसायनशास्त्रज्ञांना मोह न पडता तरच नवल. एखाद्या रोगात पेशींना जे हवं असतं त्याचाच तोतया तयार केला, तर पेशींची वाढ आवरता येईल. तोवरची औषधं बहुतांशी झाडपाल्यात, मातीत किंवा रंगांच्या कारखान्यात ‘सापडत’. इथे माणूस कागदावर रेणू काढून म्हणत होता, की या जागचा अणू बदलला तर असं होईल.

बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार शोधत होते. त्यांनी लेडर्लीकडून आलेली फॉलिक ॲसिडची संयुगं काही मुलांना दिली. रोग हटायच्या ऐवजी बळावतो आहे, असं त्यांना वाटलं. म्हणजे या पेशींना फॉलिक ॲसिड हवं आहे, तर ते तोडलं पाहिजे. त्यांनी सुब्बारावांकडे तोतया मागितला. लेडर्लीत डोरिस सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक ॲसिडच्या जोडकड्यातला एक ऑक्सिजनचा गट काढून तिथे नायट्रोजनचा गट बसवला. एवढ्याशा बदलाने जो पदार्थ झाला त्याचं नाव अमिनोप्टेरिन. त्यात आणखी एका ठिकाणी कार्बनचा छोटा गट जोडला की झालं अमेथोप्टेरिन, म्हणजेच आजचं मेथोट्रेक्झेट.

पेशीतलं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम फॉलिक ॲसिडला कामाच्या रूपात आणतं. मेथोट्रेक्झेट या एन्झाइमला खऱ्या पदार्थाहून हजारो पटींनी घट्ट चिकटतं आणि जागा अडवून बसतं. डीएनए बनवायला लागणारा माल मिळेनासा होतो, आणि ज्या पेशी भराभर वाढतात त्या आधी उपाशी पडतात. गंमत म्हणजे हे एन्झाइम नीट ओळखलं गेलं १९५० च्या दशकाच्या अखेरीस. कुलूप सापडायच्या आधी किल्ली बनली होती!

३ जून १९४८ रोजी फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांपैकी दहा जणांत रोग तात्पुरता का होईना, हटला होता. रक्ताच्या कर्करोगात असं कधी घडलं नव्हतं. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव झोपेतच गेले. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते.

ते गेल्यावर जेमतेम दीड महिन्याने, २१ सप्टेंबर १९४८ रोजी, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं. पलंगावरून न उठू शकणारी ही बाई आठवडाभरात बाजारात खरेदीला गेली. हेंच यांच्या या प्रयोगामागे वीस वर्षांचं निरीक्षण होतं. कावीळ झाली की किंवा बाई गरोदर राहिली की आमवात ओसरतो, म्हणजे शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असलं पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. १९४९ मध्ये त्यांनी चित्रफीत दाखवली, तीत लंगडत येणारे रुग्ण काही दिवसांनी जिने चढताना दिसत होते. १९५० साली हेंच यांना केंडाल आणि राइकश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालंसुद्धा. आमवातावरचं औषध सापडलं, असं जगाला वाटलं.

आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं मऊ अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारचं हाड खाऊ लागतं. बोटं वाकडी होतात, मनगटं आखडतात. सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ मिटता येत नाही. रोग बायकांत पुरुषांहून जास्त आणि बऱ्याचदा ऐन उमेदीत सुरू होतो. कॉर्टिझोन येण्याआधी डॉक्टरांच्या हाती ॲस्पिरिन होतं आणि फ्रान्सच्या फॉरेस्टिए यांनी १९२९ पासून रूढ केलेली सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं होती. त्यामुळे कॉर्टिझोनचं जे स्वागत झालं त्यात नवल नाही.

नेमक्या त्याच लाटेत एक छोटा निबंध वाहून गेला. १९५१ साली न्यू यॉर्कमध्ये रिचर्ड गबनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी असा विचार केला, की आमवातात सांध्यातल्या पेशी फाजील वाढतात, तर पेशींची वाढ रोखणारं औषध तिथेही चालावं. त्यांनी आमवाताच्या मोजक्याच रुग्णांना अमिनोप्टेरिन दिलं. सांध्यांची सूज उतरली. सोरायसिस असलेल्यांच्या कातडीवरचे खवलेही गेले. निबंधात सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण तोंड येणं, जुलाब, रक्तपेशी घटणं हे त्रासही त्यात होते, आणि समोर नोबेल मिळालेलं औषध असताना कर्करोगाचं विष सांधेदुखीला कोण देणार? संधिवाताच्या डॉक्टरांनी तो निबंध बाजूला ठेवला तो ठेवलाच.

माझ्या मते या गोष्टीतला खरा धडा विज्ञानाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. कॉर्टिझोन शरीरातलंच, ‘नैसर्गिक’ म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. मेथोट्रेक्झेट मात्र कर्करोगाच्या वॉर्डातून आलेलं. वर्षभरातच कॉर्टिझोनची दुसरी बाजू दिसू लागली. चेहरा चंद्रासारखा गोल होणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जठरातून रक्त जाणं, आणि औषध थांबवताच रोग दुप्पट वेगाने उसळणं. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णांचे हाल पाहून हेंच स्वतःच सावध झाले होते. तरीही कॉर्टिझोनचे चुलतभाऊ असलेल्या नव्या नव्या स्टेरॉइडांचा ओघ चालू राहिला, आणि आमवाताच्या उपचारात १९५० चं दशक त्यांचंच राहिलं.

मेथोट्रेक्झेटला त्वचारोगतज्ज्ञांनी तगवलं. गबनर यांच्या निबंधातला सोरायसिसचा उल्लेख त्यांनी उचलला. १९५८ साली एडमंडसन आणि गाय यांनी सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्झेट चालतं असं दाखवलं, आणि हळूहळू ते रूढ झालं. सुरुवातीला गोळ्या रोज देत. त्यात यकृतावर वण पडत, त्यामुळे रुग्णांच्या यकृताचे तुकडे काढून तपासायची पद्धत पडली. १९७१ साली वाइनश्टाइन आणि फ्रॉस्ट यांनी वेगळा क्रम सुचवला. आठवड्यात एकदाच, बारा-बारा तासांच्या अंतराने तीन मात्रा, मग पुढच्या आठवड्यापर्यंत काही नाही. त्वचा सुधारते आणि बाकीच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो, असा त्यामागचा हिशेब. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सोरायसिससाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी आज आपल्याला ठाऊक आहे ती या क्रमामुळे.

याच काळात वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावात रेक्स हॉफमाइस्टर नावाचे सांधेतज्ज्ञ आपला खाजगी दवाखाना चालवत होते. १९६७ पासून ते सोन्याच्या इंजेक्शनांनी न सुधारलेल्या आमवाताच्या रुग्णांना आठवड्याला १० ते १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्झेट देत होते. १९७२ साली त्यांनी अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांसमोर आपला अनुभव मांडला. विद्यापीठात नसलेल्या, तुलनेसाठी नुसत्या साखरेच्या गोळीचा, म्हणजे प्लासिबोचा, गट नसलेल्या माणसाचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्यांनी उपचार थांबवले नाहीत. १९८३ साली ७८ रुग्णांचा पंधरा वर्षांचा हिशेब त्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा मात्र वारा फिरायला लागला होता.

तो फिरायचं एक कारण निराशा होती. सोन्याच्या इंजेक्शनांनी निम्म्याहून अधिक रुग्ण काही वर्षांत कंटाळून किंवा त्रास होऊन थांबत. पेनिसिलामाइन या दुसऱ्या औषधाचंही तेच. पैसा मात्र उलट दिशेने ओढत होता. मेथोट्रेक्झेटच्या पेटंटाची मुदत केव्हाच संपलेली होती, त्यामुळे त्याच्या चाचण्यांवर पैसा ओतण्यात कंपन्यांना फारसा रस नव्हता. चाचण्या करायच्या तर त्या विद्यापीठांतल्या डॉक्टरांनीच करायच्या.

१९८५ साली मायकेल वाइनब्लाट यांनी बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयातून एक चाचणी प्रसिद्ध केली. फार्बर यांचं चिल्ड्रन्स हॉस्पिटल त्याच्या शेजारीच आहे. चाचणी साधी, पण चतुर होती. रुग्णांपैकी निम्म्यांना आधी मेथोट्रेक्झेट आणि मग साखरेची गोळी, बाकीच्यांना उलट क्रमाने. कुणाला केव्हा काय मिळतं हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. एकूण २४ आठवडे. औषध चालू असताना सूज उतरली, आणि जे साखरेच्या गोळीवर गेले त्यांचा रोग काही आठवड्यांत पुन्हा उसळला. एकाच माणसाच्या सांध्यांत दोन्ही अवस्था दिसल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. त्याच वर्षी इतर चाचण्यांनीही हेच दाखवलं. १९८८ साली अमेरिकेच्या एफडीएने मेथोट्रेक्झेटला आमवातासाठी मान्यता दिली. गबनर यांच्या निबंधाला तेव्हा ३७ वर्षं झाली होती. त्या ३७ वर्षांत ज्यांची बोटं वाकडी झाली त्यांच्या वाट्याला हा इतिहास कसा आला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही आणि तो मांडता येईलसंही वाटत नाही.

आता गोष्टीत सगळ्यात मजेदार वळण येतं. मेथोट्रेक्झेटमुळे तोंड येतं, मळमळतं, केस गळतात. म्हणून अलाबामातल्या सारा मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना फॉलिक ॲसिडही सोबत देऊन पाहिलं. १९९० आणि १९९४ सालच्या त्यांच्या चाचण्यांत त्रास कमी झाला, औषधाचा गुण मात्र तसाच राहिला. हे खरं तर व्हायला नको होतं. औषध फॉलिक ॲसिडच्या विरुद्ध काम करत असेल, तर फॉलिक ॲसिड दिल्यावर त्याचा गुणही जायला हवा. तो गेला नाही, म्हणजे आमवातात हा रेणू वेगळ्याच कारणाने चालत असला पाहिजे. न्यू यॉर्कच्या ब्रूस क्रॉनस्टाइन यांनी १९९१ पासून मांडलेला उलगडा असा: लहान मात्रेत औषध पेशीत साठतं, दुसऱ्या एका एन्झाइमला आवरतं आणि त्यामुळे पेशीबाहेर ॲडेनोसीन नावाचा पदार्थ वाढतो. ॲडेनोसीन चिडलेल्या पेशींना शांत करतो. गबनर यांचा तर्क, की पेशींची वाढ थांबली म्हणून सांधा सुधारला, बहुधा चुकीचाच होता. चुकीच्या तर्काने त्यांनी बरोबर औषध उचललं होतं.

औषध घडवण्याच्या बढाईवर यापेक्षा मोठा टोमणा कुठला? रेणू विचारपूर्वक घडवला होता, फॉलिक ॲसिडचा तोतया म्हणून तो अचूकही ठरला, पण ज्या रोगासाठी तो जगभर सर्वाधिक वापरला जातो, तिथे त्याचं काम करण्याचं कारण घडवणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. आणि ते अजूनही पूर्णपणे उलगडलेलं नाही.

पुढची पिढी लक्ष्य आधी ठरवून आली. लंडनमध्ये लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी दाखवलं, की टीएनएफ नावाचं प्रथिन अडवलं तर आमवाताची आग विझते. पण टीएनएफला अडवणारी प्रतिपिंडं हे मोठे रेणू आहेत, इंजेक्शनानेच द्यावे लागतात. १९९८ साली मैनी यांच्या चमूच्या चाचणीत असं निघालं, की सोबत मेथोट्रेक्झेटची थोडी मात्रा दिली तर शरीर या नव्या औषधाला कमी विरोध करतं आणि गुण अधिक टिकतो. म्हणजे ज्याची जागा घ्यायला नवं औषध आलं, त्याच जुन्या गोळीचा त्याला आधार लागला.

त्यानंतर गोळीच्या रूपात, लक्ष्य नेमकं ठरवून घडवलेले लहान रेणू आले. मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जॅक नावाच्या एन्झाइमांचं कुटुंब शोधलं होतं. जॅक-३ नसलेली मुलं जन्मतःच संरक्षणव्यवस्थेशिवाय येतात, हे १९९५ साली कळलं. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जॉन ओ’शे यांच्या कामाच्या आधाराने फायझर कंपनीने असा विचार केला, की प्रतिकार पूर्ण बंद पाडण्याऐवजी थोडा मंदावणारा रेणू बनवता येईल. त्यातून टोफासिटिनिब घडलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आमवातासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मेथोट्रेक्झेटशी थेट तुलनेत, आधी कधी मेथोट्रेक्झेट न घेतलेल्या रुग्णांत, ते सरसही ठरलं. पण मोठ्या सुरक्षा-चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयाला धोका असलेल्या रुग्णांत टीएनएफवरच्या औषधांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये एफडीएने आमवातावरच्या जॅक औषधांवर ठळक इशारा छापायला लावला.

मेथोट्रेक्झेटचं स्वतःचं दुखणं वेगळं आहे. विल्सबाईंनी ज्या पोषणद्रव्याचा माग मुंबईतल्या गरोदर बायकांसाठी काढला, त्याचा हा तोतया आमवातासाठी गरोदर बाईला देता येत नाही. अमिनोप्टेरिनने गर्भपात होतो आणि वाचलेल्या बाळांत व्यंगं राहतात, हे १९५२ सालीच नोंदलं गेलं होतं. गर्भधारणेआधीपासून घेतलेलं फॉलिक ॲसिड पाठीच्या कण्याची व्यंगं टाळतं, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ सालच्या चाचणीने सिद्ध केलं. होणाऱ्या आईला जी गोळी द्यायची आणि आमवाताच्या तरुण रुग्ण बाईला जी टाळायला सांगायची, त्या दोन्हींत एकाच रेणूचे दोन चेहरे आहेत. मूल हवं असलेल्या बाईला मेथोट्रेक्झेट आधी थांबवावं लागतं आणि तोवर संततिनियमन काटेकोर ठेवावं लागतं, म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायचाच असतो.

दुसरी अडचण आठवड्याच्या क्रमाची. रोज औषध घ्यायची सवय असलेल्या माणसाने ही गोळी रोज घेतली, तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा कोलमडते आणि माणूस दगावू शकतो. अशा चुका जगात सगळीकडे घडल्या आहेत. म्हणून शहाणे डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ न लिहिता वाराचं नाव लिहितात आणि फॉलिक ॲसिडसाठी दुसरा वार ठरवतात. २०२१ साली अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्यम किंवा तीव्र आमवात असलेल्या, आधी उपचार न घेतलेल्या रुग्णाला सुरुवात मेथोट्रेक्झेटनेच करावी, जॅकवरच्या किंवा टीएनएफवरच्या औषधाने नव्हे, अशी त्यांची ठाम शिफारस आहे.